असिस्ट डॉट ऑर्ग: यादी चोख, क्रम मात्र आपण लावायचा

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून) युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेणाऱ्यांसाठी ‘असिस्ट’ हे अधिकृत आणि विनामूल्य संकेतस्थळ आहे. आपले कॉलेज, इच्छित विद्यापीठ आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडले, की तिथल्या कोणत्या विषयाऐवजी आपल्याकडचा कोणता विषय चालतो, याचा कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातला करार दोन रकान्यांत समोरासमोर दिसतो. इतिहास किंवा वाणिज्य शिकताना ज्याने भौतिकशास्त्राकडे वळायचे ठरवले आणि ज्याच्या नावावर पूर्वअटीचा एकही विषय नाही, अशा विद्यार्थ्याच्या नजरेतून मी ते तपासले.

त्याचा मोठा उपयोग चुकीचा विषय टाळण्यात आहे. बहुतेक कॉलेजांत भौतिकशास्त्राच्या दोन मालिका असतात, एक बीजगणितावर आधारलेली आणि दुसरी कलनावर (कॅल्क्युलसवर). माहितीपुस्तकात त्यांची नावे इतकी सारखी दिसतात, की नवख्याने सोपी वाटणारी पहिली घ्यावी यात नवल नाही, पण भौतिकशास्त्राच्या मेजरला दुसरीच लागते आणि करारात ते स्पष्ट दिसते. समतुल्य विषय उपलब्ध नसेल तर तेही आडपडदा न ठेवता लिहिलेले असते, म्हणजे तो शेजारच्या कॉलेजात शोधता येतो. करार वर्षानिहाय असल्याने वर्ष मात्र नीट निवडावे.

उणीव आहे ती क्रमाची. कलन, रेषीय बीजगणित, विकल समीकरणे, यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व हे सारे किराण्याच्या यादीसारखे एकाखाली एक येते; प्रत्यक्षात पहिल्या कलनाशिवाय यांत्रिकीत सहसा प्रवेश मिळत नाही आणि पुढची गणिते एकामागून एकच घ्यावी लागतात. त्यामुळे सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात शून्यातून निघालेल्याची दोन वर्षे या साखळीतच जातात, आणि कलनापूर्वीचे गणितही राहिले असेल तर त्याहून अधिक. कोणता विषय कोणत्या सत्रात शिकवला जाईल, हेही येथे कळत नाही. त्यासाठी कॉलेजचे वेळापत्रक आणि काउन्सेलर गाठावे लागतात. ट्रान्सफरसाठी लागणारी ६० सेमिस्टर युनिट (श्रेयांक) पूर्ण करण्याच्या घाईत सर्वसाधारण शिक्षणाचे, म्हणजे मेजरबाहेरचे सक्तीचे, विषय आधी उरकणे, हे विज्ञानात हमखास अंगलट येते.

बारावीला कला शाखा घेतली की विज्ञानाचे दार बंद, ही समजूत घेऊन महाराष्ट्रातून आलेल्या पालकांना ही यादी दिलासा देते. पण यादी पूर्ण करणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. प्रवेशाची हमी देणारा टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) करार युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या ६ कॅम्पसपुरताच आहे, आणि तोही प्रत्येक मेजरला लागू नाही. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

स्टॅनफर्ड आणि राज्याबाहेरची विद्यापीठे या संकेतस्थळावर नाहीत; तिथे जायचे असेल तर त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयालाच विचारावे लागते.