जुनी स्पोर्ट्स कार, बेताचं बजेट: काय बदलायचं आणि काय आहे तसं ठेवायचं

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की सल्ले दोन टोकांचे मिळतात. एक म्हणतो सगळं ओरिजिनल ठेव, कंपनीने विचार करूनच बनवलीये, दुसरा म्हणतो इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक, अल्टरनेटर टाक, इलेक्ट्रिक फॅन टाक आणि मोकळा हो. पैसा भरपूर असेल तर कुठल्याही रस्त्याने जा. हात आखडता असेल तर मात्र प्रत्येक गोष्टीसमोर दोन प्रश्न ठेवायचे. हा पार्ट रस्त्यात गेला तर तिथल्या तिथे काही करता येईल का, आणि हा बदल केला तर त्याच्या मागोमाग अजून काय काय बदलावं लागणारे. दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही आणि बजेट कोलमडतं ते नेमकं तिथेच.

मी बोलतोय ते एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, फियाट १२४ स्पायडर, डॅटसन २४०झेड अशा साठ-सत्तरच्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांबद्दल.

पॉइंट्स की इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल?

सगळ्यात जास्त वाद यावर होतात. पॉइंट्स म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क पोचवणारा भाग) ते दोन छोटे कॉन्टॅक्ट, त्यांची कॅमवर घासणारी टाच झिजते, गॅप कमी होत जाते, टायमिंग हळूहळू सरकतं आणि गाडी मिसिंग करायला लागते. पण हे सगळं सावकाश होतं, गाडी आधी सांगते, आणि फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) व एक स्क्रू ड्रायव्हर जवळ असेल तर बॉनेट उघडून गॅप परत सेट करता येते (लुकास या ब्रिटिश गाड्यांचे इलेक्ट्रिकल पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या २५डी डिस्ट्रिब्युटरला साधारण ०.३८ मिमी, बाकीच्यांचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा). इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल त्याच डिस्ट्रिब्युटरच्या आत बसतं, झिजायला काही नाही, एकदा टायमिंग लावलं की विसरून जायचं, थंडीत स्टार्टिंग चांगलं. वाईट एवढंच की जेव्हा जातं तेव्हा बऱ्याचदा न सांगता जातं, गाडी जागेवर उभी. शिवाय प्लस-मायनस उलटं लागलं तर मॉड्यूल जळतं, आणि काही साधी मॉड्यूल्स इंजिन बंद असताना इग्निशन बराच वेळ ऑन राहिलं तरी तापून खराब होतात. कॉइलचा रेझिस्टन्स मॉड्यूलला चालणारा आहे का तेही तपासावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे, रोज किंवा लांब चालवत असाल तर चांगल्या प्रतीचं मॉड्यूल टाका आणि आधीची पॉइंट्सची प्लेट, कंडेन्सर (पॉइंट्सवर ठिणगी उडू न देणारा छोटा पार्ट) जोडून, गॅप सेट करून डिकीत ठेवून द्या. मॉड्यूल गेलं तर दोन स्क्रू आणि एक-दोन वायरींचं काम, गाडी घरी येते. महिन्यातून एखादाच फेरफटका असेल तर पॉइंट्स काढायची काहीच गरज नाही. पण एक लक्षात ठेवा, पॉइंट्सवाल्या गाड्या बंद पडतात त्यात बऱ्याचदा दोष पॉइंट्सचा नसतो, तर हलक्या प्रतीच्या नव्या कंडेन्सरचा आणि रोटर आर्मचा (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून स्पार्क वाटणारा तुकडा) असतो. रोटरमधल्या रिव्हेटमधून स्पार्क खाली शाफ्टला उतरतो आणि गाडी गप्प होते. म्हणून रोटर रिव्हेट नसलेला घ्या, आणि तो मॉड्यूल बसवलं तरी लागतोच, त्यामुळे खर्चाची सुरुवात तिथून करा.

डायनामो की अल्टरनेटर?

दोन्ही इंजिनवर फिरून वीज बनवतात आणि बॅटरी चार्ज करतात, डायनामो जुना प्रकार, अल्टरनेटर नंतरचा. इथे हिशोब अँपिअरचा आहे. सुरुवातीच्या एमजीबीला लुकासचा सी४० डायनामो होता, तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. ५५-६० वॅटचे दोन हेडलाइट लावले की १० अँपिअर तिथेच गेले, त्यात वायपर, हीटरचा ब्लोअर, इग्निशन, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी, म्हणजे बॅटरी उतरायला लागली. नंतरच्या गाड्यांतला १६एसीआर अल्टरनेटर ३४ अँपिअर देतो आणि कमी आरपीएमलाही चार्जिंग करतो. रात्री आणि पावसात गाडी काढायची असेल तर अल्टरनेटरच, यात दुमत नको.

पण बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. एमजीबी १९६२ ला आली ती पॉझिटिव्ह अर्थ, आणि १९६७ च्या शेवटी मार्क टू आली तेव्हा अल्टरनेटर व निगेटिव्ह अर्थ एकदमच आले. म्हणजे अल्टरनेटर टाकायचा तर बहुधा आधी पोलॅरिटी बदला, मग कॉइलच्या वायरी उलट करा, इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर (इंजिनचे आरपीएम दाखवणारा काटा) असेल तर त्याच्या आतली जोडणी बदलून घ्या, चार्जिंगची वायर जाड टाका, ब्रॅकेट बघा. अवघड यातलं काही नाही, पण बजेट लिहिताना अल्टरनेटरची एकच ओळ लिहिली तर फसाल. फक्त दिवसा, कोरड्या हवेत चालवत असाल तर डायनामोचे ब्रश आणि बेअरिंग बदलून रेग्युलेटर तपासून घ्या, तो वर्षानुवर्षं काम करतो.

इलेक्ट्रिक फॅनचंही तेच. चालताना तो १० ते २० अँपिअर ओढतो, मग डायनामोवर तो लावणं म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं घरात आणणं. आणि मुळात गाडी तापत असेल तर फॅन हा पहिला उपाय नाहीच. हायवेला वेगात जाताना तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय किंवा टायमिंग, मिक्श्चर बिघडलंय, त्या वेगाला हवा तशीही भरपूर येत असते. फक्त सिग्नलला उभं राहिल्यावर तापत असेल तरच फॅनचा विचार करा, तोही आधी ओरिजिनल फॅनचा बेल्ट आणि रेडिएटरभोवतीचे हवा अडवणारे पत्रे-रबर जागेवर आहेत का ते बघून.

रेडिएटर नवा की जुनाच?

अॅल्युमिनियमचा दिसतो छान, हलका असतो, पण स्वस्तातले वेल्डिंगपाशी लीक होतात आणि फिटिंगला थोडे इकडेतिकडे असतात. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला नवा कोर घालून मिळत असेल तर मी तोच करीन, आकार जिथल्या तिथे बसतो आणि पुढे कधी लीक झाला तर डाग देता येतो. थर्मोस्टॅट, प्रेशर कॅप आणि सगळे होज मात्र काहीही करा, नवे टाका. कॅपला लोक हातच लावत नाहीत, पण कॅप प्रेशर धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं आणि धडधाकट रेडिएटरसुद्धा बदनाम होतो. कुलंट दर दोन वर्षांनी.

वायरिंग नवीन करायचं का?

पूर्ण हार्नेस (गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा) बदलणं हे मोठं काम आहे, डॅशबोर्ड उघडावा लागतो, मजुरी पार्टपेक्षा जास्त जाते. वायरींचं इन्सुलेशन हातात तुटत असेल किंवा आधीच्या मालकांनी जिकडे तिकडे टेप गुंडाळून जोड मारलेले असतील तर इलाज नाही, करा. पण बहुतेक गाड्यांत वायर ठीक असते, कनेक्शनं गंजलेली असतात. म्हणून आधी मल्टिमीटर घ्या आणि एक तपासणी करा: मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या बाजूच्या पोस्टवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब आहे. अर्थ स्ट्रॅप (इंजिन बॉडीला जोडणारी जाड वायर) अगदीच तुटला असेल तर स्टार्टरचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल हाताला गरम लागते, कधी वितळून अडकते, आणि माणूस वेगळीच शोधाशोध करत बसतो. नवा स्ट्रॅप, जोडाच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू, वर थोडं ग्रीस, एवढ्यावर लुकासच्या नावाने बोटं मोडणं बऱ्यापैकी थांबतं.

याच खर्चात हेडलाइटला रिले (मोठा करंट स्वतःवर घेणारा स्विच) टाकून घ्या. दिव्याचा सगळा करंट जुन्या स्विचमधून जायचा थांबतो, स्विच वाचतो आणि उजेडही वाढतो. सुरुवातीच्या एमजीबीत कामाचे फ्यूज दोनच होते, त्यामुळे नवीन जे काही लावाल त्याला स्वतंत्र फ्यूज पाहिजेच.

पेट्रोलची बाजू

कार्ब्युरेटर रिपेअर की नवा की फ्युएल इंजेक्शन? बेताच्या बजेटमध्ये इंजेक्शन विसरा. हाय प्रेशर पंप, रिटर्न लाइन, सेन्सर, मागे केवढी रांग लागते. एसयू कार्ब्युरेटर (बऱ्याच ब्रिटिश गाड्यांवर असतो तो) साधा आहे, फक्त थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) झिजून बाजूने हवा खेचत असेल तर नुसतं गॅस्केट किट टाकून उपयोग नाही, कितीही ट्यून करा आयडलिंग स्थिर होत नाही. स्पिंडल धरून हलवून बघा, खडखडलं तर स्पिंडल-बुश करून घ्या, नाहीतर किट पुरे.

मेकॅनिकल पंप चांगला चालत असेल तर राहू द्या. इलेक्ट्रिक टाकायचाच तर कार्ब्युरेटरला चालेल असा साधारण ३ पीएसआयचा, जास्त प्रेशरचा घेतला तर फ्लोटची नीडल दाबून पेट्रोल बाहेर वाहतं. आणि इनर्शिया स्विच (जोराचा धक्का बसला की करंट तोडणारा) लावाच, नाहीतर अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओतत राहू शकतो.

पेट्रोलचे रबरी होज मात्र तुलनेत धरूच नका, ते आजच बदला. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर आतून मऊ होतं, बाहेरून तडकतं, आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. आर९ दर्जाचे (पेट्रोलच्या होजचा एक दर्जा) होज घ्या आणि क्लॅम्पसुद्धा नवे.

ब्रेकचंही तसंच, डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत न उकळणारं फ्लुइड ओलं झालं की १५५ च्या आसपासही उकळू शकतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि जुने रबरी ब्रेक होज आतून फुगलेत का बघा.

मग कुठून सुरू करायचं?

गाडी नुकतीच घेतलीये आणि आधीचा इतिहास माहीत नाही, तर होज, बेल्ट, फ्लुइड, अर्थिंग, रोटर-कॅप-प्लगच्या वायरी, एवढंच, बाकी सगळं थांबवा. फियाटच्या ट्विन कॅमसारखं टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर तो बेल्ट या यादीत सगळ्यात वर, कारण तुटला आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले तर अख्खं बजेट इंजिनातच जाईल. हे झाल्यावर रात्री-अपरात्री लांब जायचं असेल तर अल्टरनेटर आधी, इग्निशन मॉड्यूल नंतर. फक्त रविवारी सकाळी काढत असाल तर दोन्ही नको, त्या पैशात रेडिएटरचा कोर करून घ्या. आणि एका वेळी एकच बदल करून गाडी आठवडाभर चालवा. इग्निशन, कार्ब्युरेटर, पंप एकाच दिवशी उघडले आणि गाडी झटके मारायला लागली तर नेमकं कशामुळे हे शोधायला परत मजुरी द्यावी लागेल.