द्वीपकांची विद्युत् हालचाल टिपणारा संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्वादुपिंडातील लँगरहान्सची द्वीपके, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत आयलेट्स, जिवंत आहेत एवढे रंजकाने लगेच कळते. पण ती कामाची आहेत का, हे ठरवायला आम्ही इन्सुलिन मोजत असू आणि निकाल हाती येईपर्यंत दुसरा दिवस उजाडे. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी साठ इलेक्ट्रोडची काचेची चिप, वर्धक आणि संगणकप्रणाली असा परदेशी संच घेतला. उंदराच्या द्वीपकांवरील आठ महिन्यांच्या कामावरून हे लिहीत आहे.

ग्लुकोज वाढले की द्वीपकांतील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत एटीपी हा ऊर्जावाहक रेणू वाढतो, त्याला संवेदनशील पोटॅशियम वाहिन्या बंद होतात, पेशीपटलाचा विद्युत् विभव (व्होल्टेज) बदलून कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. यातला विद्युत् टप्पा ही चिप पेशीला न भोसकता बाहेरून टिपते. द्रवातील ग्लुकोज ३ वरून १० मिलिमोलरवर नेल्यावर सपाट रेषेवर काही मिनिटांत लाटा उमटतात आणि त्या पोटॅशियम वाहिन्या उघड्या ठेवणारे डायझॉक्साइड हे औषध सोडले की त्या विरतात. ही दुसरी चाचणी मी कधीच टाळत नाही, कारण तिच्याशिवाय खरा संकेत आणि गोंगाट यांत फरक करणे अवघड जाते.

मुख्य तक्रार प्रणालीच्या मूळ मांडणीबद्दल आहे. ती मज्जापेशींच्या जलद ठिणग्यांसाठी बेतलेली असल्यामुळे तिचा गाळक (फिल्टर) कमी वारंवारतेचे सगळेच कापून टाकतो, आणि शेजारच्या पेशी एका तालात चालल्याने उठणाऱ्या, अधिक भरवशाच्या संथ लाटा त्यातच जातात. हे ध्यानात येईपर्यंत आम्ही तीन आठवडे निर्दोष द्वीपकांना निकामी ठरवत होतो. माहितीपुस्तिकेत याबद्दल अक्षरही नाही.

मुंबईचा त्रास निराळाच आहे. संकेत काही दशक मायक्रोव्होल्टचा, त्यावर विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण. धातूच्या जाळीचा पिंजरा आणि चोख अर्थिंग यांशिवाय निभावत नाही. जुलैमध्ये दमट हवेने वर्धकाच्या संपर्कबिंदूंवर ओल धरली आणि निम्मे इलेक्ट्रोड मुके झाले, तेव्हा स्पिरिटने पुसून आणि खोलीत आर्द्रताशोषक यंत्र लावून काम पुन्हा सुरू केले.

हा संच इन्सुलिनचे प्रमाण सांगत नाही, त्यामुळे ते मोजणे आम्ही सोडलेले नाही. मात्र कोणत्या खेपेची द्वीपके पुढे न्यायची, हे आता त्याच दुपारी ठरते. घेणाऱ्यांनी दोन चिपा जादा मागवाव्यात, कारण वारंवार धुऊन इलेक्ट्रोडचा थर झिजतो आणि नवी चिप सीमाशुल्कातून सुटेपर्यंत प्रयोग थांबून राहतात.