बालेवाडीजवळ रूम की घरी राहून सणस? कॉलेज करत धावणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की ग्राउंडवरच्या पोरांमध्ये दरवर्षी हाच विषय निघतो, बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ रूम बघायची की घरीच राहून सणस मैदानावर प्रॅक्टिस करायची. मी दोन्ही करून बघितलंय. 2023 ला एफवायला आलो तेव्हापासून दीड वर्ष बालेवाडीत तिघांत एक रूम, आणि एसवायच्या दुसऱ्या सेमपासून टीवाय संपेपर्यंत धनकवडीत घरी. इव्हेंट 5000 मीटर धावणं, कॉलेज शिवाजीनगरला, बीएस्सी. म्हणजे हे सगळं लांब पल्ल्यावाल्याच्या अनुभवातून आहे, स्प्रिंटर किंवा थ्रोअरचं गणित वेगळं असू शकतं. क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात, निवड झालेल्यांचा प्रश्न मुळातच वेगळा, त्यांची राहण्या-जेवणाची सोय तिथेच असते. आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांना घरचा ऑप्शनच नसतो, त्यांनी शेवटचा भाग तेवढा वाचा.

आधी बालेवाडीचं जे चांगलं आहे ते मनापासून सांगतो. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं संकुल आहे ते, 2008 च्या कॉमनवेल्थ युवा स्पर्धा तिथे झाल्या, आणि पहाटे साडेपाचला आत शिरलं की अंगात वेगळंच काहीतरी येतं. ग्रुप मिळतो हा सगळ्यात मोठा फायदा. इंटरव्हलला, म्हणजे ठरावीक अंतर थांबून थांबून वेगात मारताना, पुढे कोणीतरी असतंच ज्याच्या मागे चिकटून राहायचं, एकट्याने मारलेले 1000 मीटरचे पाच आणि तिथे मारलेले पाच यात खरंच फरक पडतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलं तेव्हा मी तिथेच राहत होतो, त्याने सराव केला त्या संकुलात आपण रोज वॉर्मअप करतो ही गोष्ट अठरा-एकोणीसच्या वयात फार मोठी वाटते आणि वाटायलाच पाहिजे.

सणसचं वातावरण वेगळं. सिंथेटिक ट्रॅक आहे, सारसबागेसमोर आहे, पण तिथे जोडीला धावणारं कोणी मिळेलच असं नाही. शाळांच्या स्पर्धा असल्या की त्या दिवशीचं वर्कआउट मी तळजाईवर करायचो. खरं तर लाँग रनला मला तळजाईच आवडते, मातीचा रस्ता, चढ-उतार, पायांना मार कमी. बाणेरची टेकडी पण छान आहे, पण तळजाई घरामागेच.

कॉलेजचं बोलायचं तर 75 टक्के हजेरीचा धाक दोन्हीकडे सारखाच. इंटरकॉलेजिएटला गेलेल्या दिवसांची हजेरी आमच्याकडे जिमखान्याच्या पत्रावर मिळायची, रोजच्या प्रॅक्टिसची कोणी देत नाही. बालेवाडीतून माझं गणित असं की आठला ट्रॅकवरून सुटायचो, रूमवर अंघोळीला तिघांचा नंबर, मग बस, आणि मग विद्यापीठ चौक. तिथला जुना पूल 2020 ला पाडला, त्यानंतर मेट्रोचं आणि नव्या पुलाचं काम, त्यामुळे साडेनऊच्या प्रॅक्टिकलला कधी पोचणार हे सांगताच यायचं नाही. घरी आल्यावर सणसवरून स्वारगेट गाठायचं आणि मेट्रोने शिवाजीनगर, ही लाइन सप्टेंबर 2024 ला सुरू झाली आणि मी डिसेंबरमध्ये घरी आलो, नशीबच म्हणायचं. तुमचं कॉलेज बाणेर-औंध बाजूला असेल तर मात्र हा मुद्दा उलटा लागू होईल.

पण माझा निर्णय ट्रॅकवरून झाला नाही आणि ट्रॅफिकवरूनही नाही. तो झाला रविवारच्या संध्याकाळवरून.

पुण्यात मेस लावलेल्या प्रत्येकाला माहितीये, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. मेसवाल्या काकूंनाही आठवड्यातून एक वेळ सुट्टी पाहिजेच, त्यांची काही चूक नाही. पण लाँग रन नेमका रविवारी. सकाळी 18-20 किलोमीटर, दुपारी पुरी-श्रीखंड दाबून खायचं, चारपर्यंत झोप, आणि सातला अशी भूक लागायची की हात थरथरायचे. मग बाहेर जाऊन दोन वडापाव नाहीतर गाडीवरची भुर्जी, महिनाअखेर असेल तर मॅगी, आणि अकरा वाजता परत भूक. झोप धड लागायची नाही, सोमवारचं पहिलं लेक्चर कानावरून जायचं. साडेआठला आईचा फोन यायचा, जेवलास का, आणि मी दर रविवारी हो म्हणायचो. ते खोटं बोलणं मला भुकेपेक्षा जास्त लागायचं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत घरी बसून वर्कआउटची डायरी चाळली तर सोमवारच्या रकान्यात जवळजवळ दर आठवड्याला 'पाय जड' लिहिलेलं. कोच तेच, किलोमीटर तेवढेच. घरी राहायला आल्यावर रविवारी रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड, वर तूप, साडेनऊला झोप, आणि महिन्याभरात ते दोन शब्द डायरीतून गेले. आता याला काही मोजमाप म्हणता येणार नाही, झोपेची जागा बदलली, बसचा वैताग गेला, त्याचाही भाग असेल. पण मला जे जाणवलं ते हे. शिवाय आठवड्यातून ती एकच वेळ अशी होती की आजी, बाबा, आम्ही सगळे एकत्र जेवायचो, आणि घर-मित्र वगैरे ज्याला पर्सनल लाइफ म्हणतात ते माझ्यासाठी मुख्यतः तिथेच होतं.

घरीही त्रास आहेत, नाही असं नाही. पाहुणे आले की दहापर्यंत टीव्ही. लग्नसराईत आमंत्रणांना 'नाही' म्हणून म्हणून जीव थकतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे घरात सगळ्यांना पाठ, पण त्यासाठी कुठल्या लेव्हलचं मेडल लागतं हे परत परत समजावून सांगावं लागतं. जुने मित्र ढोलपथकात बोलावतात, मी सुरुवातीलाच नाही म्हटलं कारण संध्याकाळचं पथक आणि पहाटेचं ग्राउंड माझ्या शरीराला झेपलं नसतं, आणि मिरवणुकीच्या दिवशी त्याचं वाईटही वाटतं. रूमवर असं ओढणारं कोणी नसतं, अभ्यासाला वर्गातलाच रूममेट मिळाला तर परीक्षेत सोपं जातं, आमच्याकडे 30 मार्कांचं इंटर्नल बरोबर इंटरकॉलेजिएटच्या आसपास यायचं तेव्हा त्याच्या वह्यांनीच मला तारलं.

तरी तुमचं घर पुण्यात असेल आणि कोच आठवड्यातून एखाद-दोन दिवस बालेवाडीला बोलावून बाकीचं वर्कआउट व्हॉट्सॲपवर देत असतील, तर मी म्हणेन पहिलं वर्ष घरूनच करून बघा. माझे कोच शनिवारी बोलवायचे, तेवढं स्कूटरने जाऊन व्हायचं. कोचना रोज डोळ्यासमोर लागत असाल तर रूम घ्यावी लागेल, तिथे इलाज नाही. घाई नका करू पण, इंटर-युनिव्हर्सिटी 25 वर्षांपर्यंत खेळता येते, म्हणजे पीजीची वर्षंही हातात असतात.

रूम घ्यायचीच असेल तर ट्रॅकपासून किती लांब हे नंतर विचारा, आधी मालक स्वयंपाक करू देतात का ते विचारा. डाळ-तांदूळ, इंडक्शन आणि कुकर एवढं असलं तरी रविवार निघतो. आमच्या ग्रुपमधला एक ज्युनिअर परवा म्हाळुंग्याला अशी एक रूम बघून आला, मालकांनी इंडक्शनला परवानगी दिलीये. मी माझा तीन लिटरचा कुकर त्याला देऊन टाकलाय, शिट्टी नवीन टाकून.