स्वाक्षरी समोर उभं राहून घ्यावी की टपालाने मागवावी?

दोन्ही वाटांनी मी स्वाक्षऱ्या जमवल्या, आणि माझा कौल समोरासमोर घेतलेल्या स्वाक्षरीलाच आहे. प्रयोग संपल्यावर रंग पुसून बाहेर आलेला नट वही हातात घेतो, आपलं नाव विचारतो, डोळ्यांदेखत सही करतो. ती खरी की खोटी, हा प्रश्नच उरत नाही. गांधीजी हरिजन निधीसाठी सहीमागे ५ रुपये घेत. अशा सहीला तर त्या कार्याचाही स्पर्श असतो.

टपालाने आलेली सही कधी छापील निघते, कधी सचिवाने केलेली. परदेशात तर ऑटोपेन नावाचं सही करणारं यंत्रही वापरतात. भिंगाखाली रेषेचा दाब सगळीकडे अगदी सारखा दिसला, की शंका घ्यावी. तरीही दूर राहणाऱ्या, थकलेल्या, गर्दी टाळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायला टपालच बरं. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जरूर पाठवा. कधी सहीबरोबर हाताने लिहिलेल्या दोन ओळी येतात. मग मी पाकीटही जपून ठेवतो, कारण शिक्क्यावर तारीख असते.

दोन्हीकडची शाई उन्हापासून मात्र लांब ठेवा.