इमोरीचा तयार संच: पाचपैकी दोन तारे, तेही काचेला

आधी निकाल सांगते, मग खटला. होम सेंटरमधून ६,९८० येनला आणलेल्या ‘इमोरी पाळण्याचा तयार संच’ या खोक्याला माझ्याकडून पाचपैकी दोन तारे. दोन्ही काचेच्या टाकीला. खोक्यात बाकी जे काही होतं ते, एक वस्तू सोडून, चार महिन्यांत एकेक करून टाकीबाहेर गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण कंपनीशी नाही, त्या खोक्याशी आहे.

इमोरी म्हणजे न्यूट, दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी. मराठीत याला शब्द नाही, कारण आपल्याकडे हा प्राणीच नाही. भारतात याचे भाऊबंद आहेत ते दार्जिलिंगच्या बाजूला, आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हे वाचून दुकानात चौकशीला जाऊ नये. आम्ही राहतो तोक्योत, निशी-कासाईला. इथला आकाहारा इमोरी, म्हणजे लाल पोटाचा, वर काळा आणि खाली लाल, त्यावर काळे ठिपके. बोटभर लांबीचा. लेकीने दोघांची नावं ठेवली चटणी आणि मिरी.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले, तर तिचं पहिलं वाक्य, “अगं, पाली काय पाळतेस?” मग तिला सांगितलं की जपानीत पालीला म्हणतात यामोरी, घर राखणारी, आणि हा इमोरी, विहीर राखणारा. त्यावर जरा निवळली. चिपळूणच्या आमच्या विहिरीत आजोबांनी कासव सोडलेलं होतं, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. “मग असू दे,” म्हणाली, “पण झाकण नीट लाव.”

झाकण. तिथूनच सुरुवात करते.

संचातलं झाकण म्हणजे काचेवर नुसतं ठेवायचं प्लास्टिक, आणि फिल्टरची नळी जायला त्याला कोपऱ्यात दीड बोटाची खाच. इमोरीच्या अंगाचा अंदाज हे ज्याने बनवलं त्याला नसावा. ओलं पोट काचेला चिकटवून हा प्राणी सरळ वर चढतो, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. चौथ्या दिवशी सकाळी टाकीत फक्त चटणी. मिरी सापडली दाराशी, चपलांच्या कपाटाखाली, अंगभर धूळ आणि माझे केस गुंडाळलेली, वाळलेल्या आमसुलासारखी. मेलीच असं धरून मी उचलली, तर एक पाय हलला. उथळ बशीत क्लोरीन काढलेलं पाणी घेऊन त्यात ठेवली, तासाभरात केस सुटले, संध्याकाळी तिने अळी खाल्ली. नशीब. प्रत्येकाचं असं होत नाही. आता वर जाड अ‍ॅक्रिलिकचं झाकण आहे, चारही बाजूंनी क्लिपा, हवेसाठी बारीक भोकं आणि नळीभोवती स्पंज कोंबलेला.

फिल्टर मागे टांगायचा, धबधब्यासारखं पाणी पाडणारा. खोक्यावरच्या चित्रात फार छान दिसतो. इमोरी मात्र संथ पाण्यातला, भातखाचरातला जीव. तीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात हा धबधबा म्हणजे वॉशिंग मशीनच. दोघं तीन दिवस समोरच्या कोपऱ्यात नाक वर काढून लटकली होती, खायला तयार नाहीत. त्याच आठवड्यात लेक वाचनालयातून पुस्तक घेऊन आली: १९९४ साली जपानी अंतराळवीर मुकाई चिआकी कोलंबिया यानातून गेल्या, तेव्हा याच जातीचे चार इमोरी सोबत होते आणि त्यांनी अंतराळात अंडी घातली. म्हणजे जो प्राणी अवकाशात बाळंतपण करतो, तो आमच्या घरी उपाशी. मला शरमच वाटली.

स्टेशनापलीकडे माशांचं एक जुनं दुकान आहे, इतकं अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाहेर जावं. तिथल्या आजोबांना फोटो दाखवला. फोटो बघून त्यांनी फक्त उसासा टाकला आणि फळीवरून सुइसाकू एट काढून दिला. हवेच्या पंपावर चालणारा, तळाशी ठेवायचा साधा फिल्टर. पाणी ढवळत नाही, नुसते बुडबुडे. त्याला पाच तारे. मग त्यांनी विचारलं, “पाणी कधी भरलं होतं?” आदल्या दिवशी, मी म्हटलं. कारण संचातल्या कागदावर तसंच लिहिलंय: आज पाणी भरा, उद्या प्राणी सोडा. खरं तर विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर नवं पाणी दिसायला स्वच्छ आणि आतून घातक. आमचे प्राणी आधीच आत होते, म्हणून महिनाभर मी एक दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदलत बसले. नवऱ्याने त्याला ‘काकड आरती’ नाव दिलं, कारण ते सकाळी साडेपाचला चालायचं.

रंगीत खडे पहिल्याच दिवशी काढावेत. इमोरी वासाने अन्न शोधतो आणि समोर येईल त्यावर तोंड मारतो, खडासुद्धा गिळतो. आमच्याकडे तळ आता उघडाच आहे, एक कौलाचा तुकडा, थोडा जावा मॉस आणि तरंगणारी अनाकारिस, या दोन पाणवनस्पती. तरंगतं प्लास्टिकचं बेट मात्र दोघांना आवडतं, ते ठेवलंय. हो, तेवढा अर्धा तारा त्याचा धरा.

जुलैत खरी परीक्षा झाली. या प्राण्याला पंधरा ते बावीस अंश मानवतं. आम्ही कामाला गेलो की बंद घरात पंचवीस लिटरचं पाणी दुपारपर्यंत साडेएकोणतीस. संचासोबत थर्मामीटर नाही, तोही मी वेगळा घेतला म्हणून कळलं. काठाला लावायचा छोटा पंखा आणला: पाण्याची वाफ होते आणि तापमान तीनेक अंश उतरतं, पण रोज बोटभर पाणी उडतं, ते क्लोरीन काढून भरत राहायचं. पाणी गार करण्याचं यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून आम्ही परत आलो. शेवटी दोन गोष्टींनी निभावलं. दिवसभर एसी सव्वीसवर, आणि मोठी टाकी: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच, साठेक लिटरची. पाणी जास्त, म्हणजे तापायलाही वेळ लागतो. आधीच ही घेतली असती तर? असो. भरल्यावर वजन सत्तर किलोच्या वर जातं, तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर ठेवू नका.

एक गोष्ट संचाच्या कागदावर ठळक हवी होती, ती कुठेच नाही. फुगू या विषारी माशात असतं तेच विष याच्या कातडीत असतं. हात घातला की साबणाने धुवायचा, डोळ्याला लावायचा नाही. लहान मूल घरात असेल तर हे पहिलं.

परवा रात्री मिरीने कात टाकली. आधी ओठांशी सुटली, मग कौलाला अंग घासत घासत ती मागे सरकवली, आणि शेवटी पुढच्या पायाचा हातमोजा निघाला, चारही बोटं शाबूत, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. लेकीने भिंग आणेपर्यंत मिरी वळली आणि तो खाऊन टाकला.

संचातली चौकोनी काच आता आजारी पडलं तर वेगळं ठेवायला आहे. दिवा स्वयंपाकघरात गेला. त्याच्याखाली कोथिंबीर बरी येते.