सुपरमॅन (१९७८), फोर-के डिस्कवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रिचर्ड डॉनर यांचा ‘सुपरमॅन’ अमेरिकेत डिसेंबर १९७८ मध्ये लागला. चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताने २०१८ साली तो फोर-के डिस्कवर, म्हणजे साध्या ब्लू-रेपेक्षा चौपट बारीक चित्र देणाऱ्या डिस्कवर आला. माझ्याकडे ही डिस्क गेल्या पावसाळ्यात आली आणि तेव्हापासून कपाटात अशी ती बसलेलीच नाही. कधी सुट्टीच्या दिवशी अख्खा सिनेमा लागतो, कधी जेवणं झाल्यावर एखादाच प्रसंग, कधी घरी आलेल्यांना टीव्ही दाखवायचा म्हणून हेलिकॉप्टरचा सीन. इतके महिने पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय ते आधी सांगून टाकतो. या डिस्कवर सगळ्यात जास्त खुलतो तो सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह. उडण्याची करामत, सुपरमॅन जन्मला त्या क्रिप्टॉन ग्रहाचा लखलखाट, जॉन विल्यम्स यांचं संगीत हे सगळं पैसे वसूल करणारं आहे, पण परत परत डिस्क लावावीशी वाटते ती त्या माणसाच्या कामासाठी.

पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधी टीव्हीबद्दल बोलायला हवं, कारण अर्धे लोक इथेच नाराज होतात. “फोर-के म्हणवता आणि चित्र धूसर कसं?” ही तक्रार मी दोघा-तिघांकडून ऐकली. चित्र मऊ आहे हे खरंच. ते तसंच टिपलेलं आहे. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ यांनी लेन्सपुढे उजेड पसरवून चित्र मऊ करणारा डिफ्यूजन फिल्टर लावून, सेटवर हलका धूर सोडून हा सिनेमा चित्रित केला. दिव्यांभोवती वलय येतं, चेहऱ्यांच्या कडा विरघळतात, खिडकीतून येणारा उजेड दुधाळ होतो. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच, ऑक्टोबर १९७८ मध्ये, दुसऱ्या एका सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं. ‘सुपरमॅन’ त्यांनाच अर्पण केलेला आहे. डिस्क बनवणाऱ्यांनी त्यांच्या कामावर रंधा फिरवला नाही, याचं मला फार समाधान आहे. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रात दिसणारी तिची बारीक रवाळ पोत, जागेवर आहे, कातडी कातडीसारखी दिसते, मेणासारखी नाही.

आता टीव्हीने तो दाणा खाऊ नये याची काळजी आपली. मी केलं ते असं: शार्पनेस शून्यावर, नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद आणि पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’. हा मोड नसेल तर ‘सिनेमा’ लावा. मोशन स्मूदिंग चालू राहिलं तर सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा टीव्ही स्वतःच्या मनाने भरून काढतो आणि उडण्याच्या दृश्यांतली सगळी जादू निघून जाते. शिवाय दुपारी पडदे उघडे ठेवून पाहू नका. रात्रीचे प्रसंग भरपूर आहेत आणि डॉल्बी व्हिजनमध्ये (एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचा एक प्रकार) त्यांची अंधारी बाजू खरोखर अंधारी आहे. माझ्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी सात नंतरच तो नीट दिसतो.

सुरुवातच टीव्हीची परीक्षा घेते. कृष्णधवल, जुन्या चौकोनी आकाराचं चित्र, पडदा उघडतो, कॉमिकची पानं उलटतात, आणि मग निळी श्रेयनामावली त्या चौकोनाच्या बाहेर झेपावत अख्ख्या रुंद पडद्यावर पसरते. ओटीटीवर हेच मी आधी पाहिलं होतं, तेव्हा त्या निळ्या रेषांच्या मागे काळ्या आकाशात चौकटी-चौकटी दिसायच्या. डिस्कवर काळं म्हणजे काळं. डेटाचा वेग कितीतरी पट जास्त असल्याचा फरक इथे पहिल्या पाच मिनिटांत कळतो, आणि पुढे जिथे जिथे दाणा दाट होतो तिथे परत परत कळत राहतो.

क्रिप्टॉनचा भाग एचडीआरला जणू नेमून दिलेला आहे. तिथल्या लोकांचे कपडे चमकतात ते संगणकाने नाही. यव्होन ब्लेक यांनी ते स्कॉचलाइटच्या कापडाचे केले. काचेचे बारीक मणी असलेलं हे कापड पडलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतं. रात्री गाडीचे दिवे पडल्यावर रस्त्यावरच्या पाट्या झळकतात, तेच तत्त्व. कॅमेऱ्याच्या रेषेतूनच प्रकाश टाकला की सुपरमॅनचा जन्मदाता बाप झालेला मार्लन ब्रँडो नुसता उभा राहिला तरी पेटल्यासारखा दिसतो. त्या थोड्या दिवसांच्या कामासाठी ब्रँडोला ३७ लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा मिळाला होता, आणि तो गाजावाजा तेव्हापासून चालत आलाय. मला मात्र तो मुलाला निरोप देतो तिथे अजूनही पटतो. आधीच्या आवृत्तीत तो झगा पांढरा ठिपका झालेला असायचा. इथे त्याच्या घड्या दिसतात.

सुपरमॅन पृथ्वीवर वाढतो त्या स्मॉलव्हिल गावाचा भाग कॅनडातल्या अल्बर्टात चित्रित झालाय. माझ्या लेखी हा सिनेमाचा सगळ्यात सुंदर तुकडा. त्याला सांभाळणारा बाप झालेल्या ग्लेन फोर्ड यांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन प्रसंग आहेत. मुलाशी मनातलं बोलून झाल्यावर बापलेक शर्यत लावल्यासारखे घराकडे निघतात. बाप मधेच थांबतो, हाताला काहीतरी होतंय हे त्याच्या लक्षात येतं, आणि कॅमेरा लांबच राहतो. जवळ जात नाही, रडवत नाही. पुढे पहाटेच्या गव्हाच्या शेतात आई आणि मुलगा उभे आहेत, आणि इतका रुंद, इतका सोनेरी आडवा पट्टा पडद्यावर येतो की ५५ इंचांचा टीव्ही लहान वाटायला लागतो. गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरी प्रोजेक्टरवर हाच प्रसंग पाहिला. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी मोठ्या पडद्यावर पाहावाच.

सुपरमॅन पूर्ण वेशात दिसायला पाऊण तास उलटून जातो आणि हेलिकॉप्टर यायला तासाहून अधिक. आजच्या सवयीने हे लांबण वाटेल. मला ती या सिनेमाची ताकद वाटते. एक पोर कुठून आलं, कुणी वाढवलं, बाप गेला तेव्हा अंगात सगळं बळ असूनही त्याला काही करता आलं नाही, हे पाहून झालेलं असतं. म्हणून छपराच्या कडेला लटकलेल्या हेलिकॉप्टरमधून पत्रकार लोईसची टोपी खाली तिचा सहकारी क्लार्क, म्हणजे चष्मा लावून वावरणारा सुपरमॅनच, याच्या पायाशी पडते तेव्हा आपण खुर्चीत पुढे सरकतो. तो धावताना एका उघड्या टेलिफोनपाशी थबकतो, तिथे कपडे बदलायला आडोसाच नाही, आणि मग फिरत्या दारात शिरतो. संगीत सुरू होतं. इतक्या वेळा पाहिलंय, तरी या क्षणाला घरात कोणी बोलत असेल तर मी हाताने गप्प करतो.

आता उडण्याबद्दल. २०१८च्या या डिस्कवर काही जोड उघडे पडतात, ते लपवत नाही. मागे दुसरं चित्र बसवायचं म्हणून निळ्या पडद्यापुढे चित्रीकरण करतात आणि तो निळा नंतर काढून टाकतात. त्यापुढे निळा पोशाख घालून उभं राहिलं तर पोशाखच गायब होणार, म्हणून त्या दृश्यांसाठी हिरवट झाक असलेला वेगळा पोशाख शिवला होता आणि रंग नंतर जुळवले होते. ते सगळीकडे सारखे जुळलेले नाहीत. काही चौकटींत निळा वेगळाच दिसतो. शिवाय एकावर एक चित्र चढवलेल्या दृश्यांत दाणा एकदम जाड होतो, कारण फिल्मची प्रत काढून तिची पुन्हा प्रत काढलेली आहे. पण झोरान पेरिसिक यांच्या पद्धतीने केलेली दृश्यं अजूनही टिकून आहेत. कॅमेरा आणि मागचं चित्र टाकणारा प्रोजेक्टर, दोघांनाही झूम लेन्स, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेल्या. दोन्ही एकाच वेळी झूम करतात, त्यामुळे मागचं दृश्य होतं तेवढंच राहतं आणि मधे टांगलेला माणूस मात्र आपल्याकडे झेपावल्यासारखा किंवा दूर गेल्यासारखा दिसतो. या कामासाठी ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला. मला पटतं ते त्यापुढचं: यंत्र कितीही हुशार असो, हवेत वळताना रीव्ह आधी नजर वळवतो, मग खांदा, मग कंबर. पाण्यात पोहणाऱ्या माणसाला कळतं तसं त्याला वळण कळतं. तारा लपवल्या तरी शरीर खोटं बोललं असतं तर आपण विश्वास ठेवला नसता.

आणि मग लोईसच्या घरातला तो प्रसंग. सुपरमॅन तिला शहरावरून फिरवून गच्चीवर सोडतो, जातो, आणि लगेच दारावर क्लार्क येतो. ती भारावलेली, आत काहीतरी घ्यायला जाते. क्लार्क एकटा उभा. त्याला सांगून टाकायचंय. तो चष्मा काढतो, आणि तिथे बघा: आधी मान लांब होते. मग आत ओढून घेतलेली छाती उघडते. खांदे मागे जातात. उंची चार बोटांनी वाढल्यासारखी वाटते. जबडा सैल सोडलेला असतो तो मिटतो, आणि तोंडून येणारा आवाज खाली उतरतो. मग ती बाहेर येते, याची हिंमत सरते, आणि हे सगळं उलट्या क्रमाने परत आत जातं, चष्म्यासकट. माणूस सरळ होतो त्या क्षणात कट नाही. कुठलंही इफेक्ट नाही.

हा प्रसंग मी सासऱ्यांना दाखवला. ते राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात अनेक वर्षं प्रकाशयोजना सांभाळायचे, त्यामुळे त्यांचं लक्ष आधी दिव्यांकडे. पाहता पाहता म्हणाले, “अहो, जरा मागे घ्या बरं. लाइट बदलला का तिथं?” मागे घेतलं. परत पाहिलं. मग चौकट थांबवून पाहिली. “नाही बदलला. पोरानं खांदे सोडले होते ते उचलले, बास.” नंतर त्यांनी तो क्लार्कचा प्रत्येक प्रसंग खांद्यांकडे बघत पाहिला. मीही आता तसाच पाहतो. कचेरीत क्लार्क लोकांना वाट देतो, दारात अडकतो, बोलताना चष्मा वर करतो, त्या प्रत्येक ठिकाणी शरीर मुद्दाम कमी केलेलं आहे. निवड झाली तेव्हा रीव्ह २४ वर्षांचा होता, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशाळेत अभिनय शिकलेला, अंगाने बारीक. शरीरसौष्ठवपटू आणि नट डेव्हिड प्रॉज यांच्या देखरेखीखाली त्याने व्यायाम करून शरीर कमावलं. पण कमावलेलं शरीर लपवणं हे त्याहून अवघड काम आणि ते त्याने किती बारकाईने केलंय हे साध्या डीव्हीडीवर मला कधी दिसलं नव्हतं. तिथे कोटाची घडी आणि खांदा एकच काळपट डाग असायचा. या डिस्कवर कोटाच्या आत काय हलतंय तेही कळतं. १९९५च्या अपघातानंतर हाच माणूस मानेखाली लुळा झाला आणि तरी २००४ मध्ये जाईपर्यंत पाठीच्या कण्याच्या दुखापतींवरच्या संशोधनासाठी झटत राहिला. हे ठाऊक असताना त्याचं ते नुसतं ताठ उभं राहणं मला आतून हलवतं.

आवाजाचं थोडक्यात. अ‍ॅटमॉस ट्रॅकवर (डोक्यावरूनही आवाज येईल अशी ध्वनिमुद्रणाची पद्धत) विल्यम्स यांची धून घरभर पसरते, लंडन सिम्फनीची पितळी वाद्यं खणखणीत येतात, संवाद स्वच्छ आहेत. माझ्याकडे साधा साउंडबार आणि सबवूफर आहे, तेवढ्यावरही श्रेयनामावलीला भांडी खणखणतात. रात्री उशिरा मात्र मी साध्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) डॉल्बी डिजिटल ट्रॅकवर जातो. तो कानाला जास्त एकजीव वाटतो.

सिनेमात मला न आवडणाऱ्या गोष्टीही आहेत. उडताना लोईसच्या मनातलं काव्य बोलून दाखवलंय ते सुरांवरच सोडायला हवं होतं. जीन हॅकमन यांचा खलनायक लेक्स लुथर मजेशीर आहे, पण त्याच्या हाताखालच्या ओटिसचा बावळटपणा लांबतो. आणि शेवटी पृथ्वीभोवती फिरून काळ मागे नेणं, ते मुळात दुसऱ्या भागासाठी ठरलं होतं, आणि ते इथे उसनं आणल्यासारखंच वाटतं. त्याआधी लोईस मेल्यावरचा रीव्हचा आक्रोश मात्र खरा आहे.

डिस्क घेणाऱ्यांसाठी कामाचं. फोर-के डिस्कला रीजन कोड, म्हणजे ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन, नसतो, त्यामुळे बाहेरून मागवलेली आपल्या प्लेअरवर चालते. माझी केस बिजागरीपाशी तुटून आली. विकणाऱ्याने फोटो पाहूनही बदलून दिली नाही. डिस्क सुटी होऊन आत फिरत होती, तरी ओरखडा नव्हता. सुरुवातीला एका ठिकाणी चित्र अडकायचं. मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसल्यावर परत अडकलेलं नाही. गोल गोल पुसू नका. आणि फोर-के प्लेअर नसेल तर नुसती फोर-के डिस्क घेऊन उपयोग नाही, साध्या ब्लू-रे प्लेअरला ती वाचता येत नाही.

डिस्कवर आहे ती १४३ मिनिटांची, थिएटरात लागली तीच आवृत्ती. २००० सालच्या दुरुस्तीत ती १५१ मिनिटांची झाली होती. टीव्हीवर दोन भागांत दाखवलेली १८८ मिनिटांची लांब आवृत्ती वेगळ्या ब्लू-रेवर २०१७ मध्ये आली. आगगाडीतल्या छोट्या लोईसचे आईवडील, म्हणजे १९४८च्या सुपरमॅन मालिकेत सुपरमॅन आणि लोईस झालेले कर्क अ‍ॅलिन आणि नोएल नील, नीट पाहायचे असतील तर या दोनपैकी एक आवृत्ती लागेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याने मात्र १४३ मिनिटांचीच पाहावी. संपादक स्टुअर्ट बेअर्ड यांनी जे कापलं ते बहुतेक योग्यच कापलंय, आणि हेलिकॉप्टरच्या प्रसंगाची लय त्याच आवृत्तीत सगळ्यात घट्ट बसते.