मराठी टंकलेखन: रोमन अक्षरांतून की इनस्क्रिप्टने?

संगणक कसलेही प्रशिक्षण न घेता वापरता यावा, ही अपेक्षा रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत पहिल्याच दिवशी पूर्ण करते आणि दोन ओळींचा निरोप धाडणाऱ्याला ती पुरेशीही आहे. मात्र ‘बी-ए-एल’ ही अक्षरे दाबल्यावर बल, बाल, बळ की बाळ, याचा अंदाज संगणकाला बांधावा लागतो, आणि तो चुकला की हातचे वाक्य सोडून यादीतून शब्द निवडत बसावे लागते. शिवाय लिहिणाऱ्याला रोमन लिपी येते, हे येथे गृहीतच धरलेले असते. शिकणे टळलेले नसते, ते आधी कधीतरी झालेले असते.

भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक सुरुवातीला नेटाने सराव मागतो. पण त्याची मांडणी आपल्या वर्णमालेला धरून आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. जे दाबले तेच उमटते, त्यामुळे नजर मजकुरावरून हलत नाही. गुजराती किंवा बंगाली लिहितानाही ‘क’ त्याच कळीवर सापडतो, हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

अधूनमधून लिहिणाऱ्यावर इनस्क्रिप्टची सक्ती नसावी. परंतु ज्यांचे रोजचे काम मराठीत चालते, त्या शिक्षकांना, वार्ताहरांना आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षण कामाच्या वेळेतच मिळाले पाहिजे.